वकीलपत्र दिलं म्हणजे मुखत्यार नेमला असं नव्हे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून पुण्या-मुंबईला, गोव्याला गेलेल्या माणसांमागे गावात घर, थोडी जमीन आणि कधी कधी वाटणीचा दावा उरतो. मग धाकटा भाऊ फोन करतो, "दादा, एकदाच ये, सह्या करून जा. परत यायला नको." दादा येतो, कोर्टाबाहेर उभ्या उभ्या दोन कागदांवर सह्या करतो आणि पुढे दोन्हींना 'वकीलपत्र'च म्हणत राहतो.

त्यातलं खरं वकीलपत्र एकच. ते त्या दाव्यापुरतं. तारखा बघणं, अर्ज देणं, युक्तिवाद करणं वकिलाकडे. छापील फॉर्म आपल्याकडे बहुधा कन्नडात किंवा इंग्रजीत असतो. तडजोड करण्याचा आणि पैसे उचलण्याचा अधिकार त्यात लिहिलाय का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. विचारायला लाजू नका. वकील बदलायचा तर कोर्टाच्या परवानगीने लेखी बदलावा लागतो, नुसता फोन बंद ठेवून भागत नाही.

दुसरं वटमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने काम करायला मुखत्यार नेमणारा कागद (पॉवर ऑफ अॅटर्नी). हे स्टॅम्पवर होतं आणि घेणारा वकील नसला तरी चालतो. मुखत्याराने दादाची सही गिरवायची नाही. 'अमुक यांच्या तर्फे मुखत्यार' असं लिहून स्वतःची करायची. अधिकारही लिहिला असेल तेवढाच. बँकेच्या व्यवहारांपुरतं पत्र असेल तर त्यावर जमीन विकता येत नाही. दादाने स्वतः सही केलेलं खरेदीखत भावाने नोंदणीला हजर करायचं असेल, तर ते मुखत्यारपत्र दादा राहतो तिथल्या, म्हणजे पुण्याच्या, सब-रजिस्ट्रारसमोर झालेलं लागतं. नोटरीचा शिक्का तिथे पुरत नाही. आणि मुखत्यारपत्र घेऊन जमीन 'विकत घेतली' म्हणणाऱ्यांसाठी: सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात सांगितलंय की अशाने मालकी मिळत नाही.

कोर्टात भाऊ मुखत्यार म्हणून दाव्यावर सही करील, वकीलही नेमील. पण वकिलासारखा युक्तिवाद त्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय करता येणार नाही. खरी गोची साक्षीची. वडिलांनी वाटणीबद्दल दादाला एकट्याला काय सांगितलं, हे भाऊ पिंजऱ्यात उभा राहून कसं सांगणार? जे त्याने स्वतः पाहिलं-केलं तेवढंच त्याने सांगावं. दादाच्या मनातली माहिती दादानेच सांगायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये जानकी भोजवानी यांच्या खटल्यात म्हटलं. त्यामुळे "परत यायला नको" हे भावाचं बोलणं दोन्ही कागद असूनही पुरतं खरं नाही. साक्षीच्या तारखेला बहुधा रात्रीची गाडी धरावी लागते.

दादा वारला तर दोन्ही कागद संपतात (मुखत्याराचाच मिळकतीत हितसंबंध जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी). भावाने जुन्या मुखत्यारपत्रावर सह्या करत राहू नये. दादाच्या वारसांना दाव्यात घेण्याचा अर्ज 90 दिवसांत द्यायचा असतो, आणि वारसांना वकीलपत्र नव्याने द्यावं लागतं.