पार्श्वभूमी : एकच पुस्तक, हुशार मुलं आणि स्कॉलरशिपची इयत्ता

राज्यभर एकच पाठ्यपुस्तक ही व्यवस्था 1967 नंतरची, आणि ती पुस्तकं तयार करणारं मंडळ, म्हणजे बालभारती, पुण्यातलं. त्याच्या आधी, 1962 मध्ये, पुण्यातल्याच सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी या संस्थेचं बुद्धिमान मुलांसाठी वेगळं काम सुरू झालं होतं. 1969 मध्ये त्यातून शाळा निघाली. पण ती वाट निवडक मुलांची. बाकी शाळांत सगळा भर वर्ग बरोबरीनं पुढे नेण्यावर. नव्वदच्या दशकात किमान अध्ययन क्षमता, म्हणजे त्या त्या इयत्तेत प्रत्येक मुलाला निदान काय यायला हवं याच्या याद्या आल्या, तेव्हा मागे राहिलेल्यांची नोंद नीट होऊ लागली, हे चांगलंच झालं. दिवाळीआधीच पुस्तक संपवून बसलेल्या मुलाचं काय करायचं, याचा रकाना मात्र कुठेच नव्हता.

ती उणीव भरून निघायची स्कॉलरशिपच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या, जादा तासाला. शाळा भरायच्या आधी गुरुजी चौथीच्या आठ-दहा पोरांना घेऊन बसायचे: संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा. भाषा आणि गणिताचे प्रश्न अभ्यासक्रमातलेच, पण बुद्धिमत्ता चाचणी पुस्तकाबाहेरची. पाठांतराचा घाणा असंही त्या तासाला म्हणतात, आणि काही शाळांत तो होताही. तरी खेड्यातल्या चुणचुणीत मुलासाठी दुसरं होतं काय?

शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला. त्यात प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी, उच्च प्राथमिक म्हणजे सहावी ते आठवी. या आकृतिबंधाला धरून 2016-17 पासून स्कॉलरशिप चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली. कागदावर हिशेब चोख. पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीलाच संपतात. मूल पाचवीला माध्यमिक शाळेत गेलं की पहिलीपासून त्याला ओळखणारे गुरुजी सुटले आणि जादा तासही सुटला. सातवीपर्यंतच्या शाळांची सातवीची परीक्षा हातची गेली. मुलांवर लहान वयात ताण नको, हा मुद्दा तेव्हाही मांडला गेला. पण इयत्ता बदलून ताण कसा कमी होतो, हे काही कळलं नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रज्ञा असलेल्या मुलांना अभ्यासक्रमापलीकडचं देण्याचा उल्लेख आला. वर्गात त्यासाठी वेगळी तासिका आली नाही. 2025 मध्ये परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला आणि मधल्या 2025-26 या एका वर्षासाठी चौथी, पाचवी, सातवी, आठवी अशा चारही इयत्तांची स्कॉलरशिप ठरली.