पास्कलने देव गणिताने सिद्ध केलेला नाही

‘देव असला तर फायदा, नसला तर तोटा नाही, म्हणून मानलेला बरा. पास्कलसारख्या गणितज्ञाने हे सिद्धच केलंय.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा दावा चुकीचा आहे.

ब्लेझ पास्कल १६६२ मध्ये वारला. त्याची अपुरी टिपणं १६७० मध्ये छापली गेली. वरचा युक्तिवाद ‘पास्कलची पैज’ म्हणून ओळखला जातो. त्या पैजेच्या टिपणात तो स्पष्ट म्हणतो की देव आहे की नाही, याचा निकाल बुद्धीने लागत नाही. म्हणजे हा पुरावा नव्हेच. पुढे त्याचा काल्पनिक प्रतिवादी विचारतो, माझा विश्वास बसतच नाही, मग काय करू? पास्कल सांगतो: श्रद्धावंतांसारखं वाग, पवित्र जल घे, चर्चमध्ये मिस्सा (ख्रिस्ती उपासनाविधी) अर्पण करव. श्रद्धा ठरवून बसत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याची स्वतःची श्रद्धाही हिशेबातून आलेली नव्हती. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीच्या अनुभवाची नोंद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली होती. तीत देव आहे तो बायबलमधल्या अब्राहमचा, ‘तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे’.

आणि ही पैज सुरक्षित तरी कुठे आहे? तिच्यात पर्याय दोनच: ख्रिस्ती देव, नाहीतर कुणीच नाही. हाच युक्तिवाद एखादा इमामही करू शकेल, असं फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोने अठराव्या शतकातच दाखवून दिलं. एका देवावर लावलेली पैज दुसऱ्याच्या दारी पाप ठरू शकते.