सेकंडहँड विमान: कारखान्यातलं आणि घरी बांधलेलं

अमेरिकेत जुनी विमानं विकायला निघतात तेव्हा कारखान्यात बनलेलं सेस्ना १७२ आणि व्हॅन्स कंपनीच्या किटमधून (सुट्या भागांच्या संचातून) घरी बांधलेलं आरव्ही-७ एकाच यादीत दिसतात. इंजिन बऱ्याचदा दोन्हींत लायकमिंगचंच, अंगावर ‘एन’ने सुरू होणारा नोंदणी नंबरही तसाच. आरव्ही वेगवान, आणि पुष्कळदा सेस्नापेक्षा वयाने कितीतरी लहान. मग पन्नास वर्षांचं सेस्ना कोण घेणार?

सेस्नाचा आराखडा आणि कारखान्यातलं उत्पादन, दोन्हींना एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची) मंजुरी असते. आरव्हीचं किट ओरेगनमधल्या ऑरोरा गावातून येतं, पण निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं असा नियम आहे. म्हणून नोंदणीत उत्पादक म्हणून सहसा त्या बांधणाऱ्याचंच नाव लागतं. (कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवत असतील. त्यांचा आराखडाही स्वतःचा होता. अमेरिकेत बहुतेक जण किट घेतात.)

त्यामुळे ‘आरव्ही-७’ या नावावरून फारसं काही कळत नाही. दोन आरव्ही-७ ची वायरिंग, प्रोपेलर, रिकामं वजन, सगळं वेगळं असू शकतं. हे किती महागात पडतं ते गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघातात दिसलं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी ते कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळले. विमान लाँग-ईझी, दुसऱ्या एका हौशी माणसाने बांधलेलं, नुकतंच विकत घेतलेलं. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायची चावी वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे नेली. तिच्यापर्यंत हात न्यायचा तर अंग मागे वळवावं लागे. इंधन दाखवणाऱ्या काचाही मागेच, त्यांवर खुणा नाहीत. चावी फिरवण्याच्या नादात उजवं रडर (शेपटीचं सुकाणू फिरवणारं पेडल) दाबलं गेलं आणि ताबा सुटला, असा एनटीएसबीचा (अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाचा) निष्कर्ष होता. चावीची जागा आणि त्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण हीदेखील कारणं नोंदवली गेली. सेस्ना १७२ मध्ये ही चावी पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, जमिनीवर असते.

खर्चाची सर्वात मोठी गफलत वार्षिक तपासणीत होते. सेस्नाच्या तपासणीवर खास अधिकार असलेल्या मेकॅनिकची सही लागते, सुटे भाग मंजूर असलेलेच हवेत, एफएएचे दुरुस्ती-आदेश पाळणं सक्तीचं. घरी बांधलेल्या विमानाची दुरुस्ती कुणीही करू शकतो, आधुनिक स्क्रीनही स्वस्तात बसतात. यावरून ‘तपासणीही मीच करीन’ असं खरेदीदार गृहीत धरतो. पण बांधणाऱ्याला मिळणारं रिपेअरमन सर्टिफिकेट (आपण बांधलेल्या विमानाच्या तपासणीचा परवाना) त्याच्या नावाचं असतं. विमान विकलं म्हणून ते तुमच्याकडे येत नाही. मग सहसा ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन, दोन्हींचा परवाना असलेला) मेकॅनिक गाठावा लागतो. त्याच्याकडे तो खास अधिकार नसला तरी चालतं, पण अनोळखी माणसाच्या बांधकामावर सही करायला बरेच जण कां-कूं करतात. सौद्याआधीच असा मेकॅनिक ठरवून ठेवा.

खरेदीपूर्व तपासणीसाठीही सेस्नावाला मेकॅनिक पुरत नाही. तेच किट आतून ओळखणारा माणूस हवा. २०२२-२३ च्या सुमाराच्या व्हॅन्सच्या किटमध्ये लेझरने कापलेल्या भागांच्या भोकांना तडे जाण्याचा प्रश्न निघाला होता, म्हणून त्या काळातल्या किटचे कुठले भाग बदलले ते कागदावर मागा. सुरुवातीचं चाचणी-उड्डाण सहसा २५ किंवा ४० तासांचं असतं, त्याची लॉगबुकात नोंद हवी. मोटारीचं इंजिन बदल करून बसवलेलं असेल तर मी तरी हात लावणार नाही, कारण ते नीट जाणणारा बांधणाराच तेवढा असतो. वर्षानुवर्षं हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाचे कमी तासही भुलवतात. विमान उडवलं नाही तर लायकमिंगचा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा हलवणारा दांडा) नुसत्या उभ्या-उभ्याच गंजतो.

आणखी एक: घरी बांधलेलं विमान भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरता येत नाही. खर्च भरून काढायचा विचार असेल तर इथेच थांबा.

एनटीएसबीने २०११ मधल्या अशा विमानांच्या २२४ अपघातांचा अभ्यास केला. त्यांतली निम्म्याहून जास्त विमानं सेकंडहँड होती, आणि अशा विमानांचे बरेच अपघात खरेदीनंतर लवकरच झाले होते. म्हणून प्रशिक्षणाचे पैसे किमतीतच धरा, आणि विमान घरी आणण्याचं पहिलं उड्डाण ते किट उडवणाऱ्या शिक्षकाला शेजारी बसवूनच करा.