हायरूल एकच, खेळ दोन

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'द लेजंड ऑफ झेल्डा' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणि 'टीअर्स ऑफ द किंगडम' हे दोन खेळ शेजारी ठेवले, तर नवख्या माणसाला त्यांतला फरक चटकन कळत नाही, आणि यात त्याचा काहीच दोष नाही. नायक तोच, लिंक (झेल्डा हे राजकन्येचे नाव, तेच नायकाचे समजण्याचा घोटाळाही नेहमीचाच), राज्य तेच, हायरूल, डोंगर, नद्या आणि बहुतेक गावेही जिथल्या तिथे. पहिला खेळ ३ मार्च २०१७ रोजी आला, दुसरा १२ मे २०२३ रोजी, आणि दोन्हींचे दिग्दर्शन हिदेमारो फुजिबायाशी यांचेच. दोन्हींत शस्त्रे मोडतात, दम संपला की कड्यावरून हात सुटतो, पावसात खडक निसरडा होतो आणि वादळात पाठीवर धातूची तलवार असेल, तर वीज नेमकी अंगावर पडते.

फरक आहे तो तगून राहण्याच्या रीतीत. समोर नदी आडवी आली, तर काय करायचे, एवढ्या एका प्रश्नावरून तो कळतो. पहिल्या खेळात काठावरचे झाड तोडून ते आडवे पाडता येते, पाण्यातून बर्फाचे खांब उभे करून एकेकावर चढत पलीकडे जाता येते, किंवा उंच टेकडी गाठून पॅराग्लायडरने तरंगत जाता येते; म्हणजे जमीन जे देईल, त्यावर भागवावे लागते. सुरुवातीच्या पठारावरची थंडी हाच धडा देते. पेटती मशाल हातात धरली की ऊब मिळते, पण पाण्यात उतरताच ती विझते. मिरच्या घालून शिजवलेले जेवण थंडी रोखते, पण काही मिनिटेच. तेवढ्या वेळात कुठवर पोहोचता येईल, याचा हिशेब मांडून पाऊल टाकावे लागते, आणि माझ्या मते या खेळाचा खरा आनंद त्या हिशेबातच आहे.

दुसऱ्या खेळात त्याच नदीकाठी आपण ओंडके एकमेकांना चिकटवून तराफा बांधतो आणि मागे पंखा बसवतो. अल्ट्राहँड ही वस्तू जोडण्याची शक्ती आणि फ्यूज ही शस्त्राला काहीही जोडण्याची शक्ती, या दोहोंमुळे खेळाडू वाटसरूचा कारागीर होतो. राज्यातली शस्त्रे गंजलेली असल्यामुळे काठीच्या टोकाला धोंडा किंवा मारलेल्या राक्षसाचे शिंग लावल्याखेरीज लढाईत निभाव लागत नाही. हे सारे विलक्षण कल्पक आहे; मात्र दोन पंखे आणि एक सुकाणू जोडून उडते वाहन बनवता आले की ज्या कड्यांनी पहिल्या खेळात घाम काढला होता, ते पायाखालून निघून जातात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

ती उणीव दुसरा खेळ जमिनीखाली भरून काढतो. आकाशातील बेटांविषयी फार बोलले जाते, पण खरी कसोटी डेप्थ्स या अंधाऱ्या पाताळात लागते. तिथे जमिनीवर पसरलेल्या ग्लूम या विषारी द्रव्याच्या स्पर्शाने नुसती इजा होत नाही, तर जिवाची कमाल मर्यादाच घटते, आणि साध्या जेवणाने ती परत येत नाही. लाइटरूट हे पाताळात उजेड पाडणारे मूळ गाठावे, वर जमिनीवर परतावे किंवा सनडिलियन हे फूल घातलेले अन्न खावे, तेव्हाच ती भरून येते.

एकच खेळ घ्यायचा असेल, तर मी पहिला सुचवेन, आणि दोन्ही खेळायचे असतील, तरी सुरुवात त्यानेच करावी. पाताळाची रचना वरच्या भूमीच्या नेमकी उलटी आहे: वर डोंगर तिथे खाली खड्डा, वर नदी तिथे खाली अभेद्य भिंत, आणि वरच्या प्रत्येक श्राइनच्या, म्हणजे कोडी सोडवण्याच्या छोट्या देवस्थानाच्या, बरोबर खाली एक लाइटरूट. पहिल्या खेळात पायी तुडवलेल्या नद्या-डोंगरांची ओळख पक्की असेल, तर त्या मिट्ट काळोखातही पुढे भिंत लागेल की उतार, याचा अदमास बांधता येतो.