'गुद्शेलॉव'मध्ये कायदा शोधू नका

सुटणारी बस धावत जाऊन गाठली की आपण म्हणतो, 'हुश्श, देवाची कृपा!' नॉर्वेजियन माणूस अशा वेळी म्हणतो 'गुद्शेलॉव!' (gudskjelov). घाईत त्यातला 'द' जवळजवळ गिळलाच जातो. इथवर कुणी अडखळत नाही. घोळ होतो शेवटच्या 'लॉव'पाशी. या शब्दाचा अर्थ कायदा असाही आहे, त्यात इंग्रजी 'लॉ' कानात बसलेला. मग 'देवाचा कायदा' असा अर्थ बिनदिक्कत सांगितला जातो. तो साफ चूक आहे.

हे दोन 'लॉव' दिसायला आणि ऐकायला जुळे, पण घराणी वेगळी. कायदावाला 'लॉव' जुन्या नॉर्सच्या, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेच्या, 'लॉग'वरून आला; इंग्रजी 'लॉ' त्याचाच नातलग. 'गुद्शेलॉव'मधला 'लॉव' मात्र जुन्या नॉर्सच्याच 'लोफ'वरून आला, म्हणजे स्तुती. जर्मन 'लोब' त्याचा भाऊ. 'गॉटलोब' हा जर्मन उद्गारही याच अर्थाचा. आपल्याकडे 'कर भरा' म्हटल्यावर हात कुणी पुढे करत नाही, तसंच हे. गंमत म्हणजे 'परवानगी' या अर्थाचा 'लॉव' कायद्याच्या घरचा वाटतो, पण तोही 'लोफ'चाच वंशज; त्या जुन्या शब्दात स्तुती आणि परवानगी दोन्ही होत्या.

मधला 'शे' म्हणजे 'घडणे'. (चमचा या अर्थाचाही 'शे' आहे, त्यावरचे विनोद आता पुरे.) इथे तो 'होवो' या रूपात गोठलाय: देवाची स्तुती होवो. असं रूप आजच्या नॉर्वेजियनमध्ये ठरावीक उद्गारांतच उरलंय, उदाहरणार्थ 'लेव्हे कोंगन', राजा चिरायू होवो. मराठीत 'होवो', 'असो' अजून रोज चालतात, म्हणून आपल्याला ही रचना इंग्रजीपेक्षा मराठीतून चटकन कळते. इंग्रजीमार्फत शिकायचा हट्ट कशाला?

डॅनिश आणि स्वीडिश लोक हाच शब्द 'j'शिवाय लिहितात: gudskelov. नॉर्वेजियनमध्ये 'j' हवाच.

याच्या जवळचा दुसरा नॉर्वेजियन शब्द 'हेल्डिविस', म्हणजे 'सुदैवाने'. तो बातमीतही शोभतो. 'गुद्शेलॉव'मध्ये जीव भांड्यात पडल्याचा सुस्कारा असतो. वाक्याच्या सुरुवातीला 'हेल्डिविस' आला की क्रियापद लगेच त्याच्यानंतर हवं: 'हेल्डिविस कॉम बुसन', सुदैवाने बस आली. 'गुद्शेलॉव' स्वल्पविराम न देता वाक्यात गुंफला तर हाच नियम. उद्गार म्हणून सुटा ठेवला, की पुढे कर्ता आधी: 'गुद्शेलॉव, बुसन कॉम!'