वारा सरला का? पोटातल्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचे दिवस

माझ्या मावशीचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन इथेच नाशिकला झालं. आमचं सिडकोतलं निम्मं घर हॉस्पिटलात, आणि डॉक्टर राउंडला आले की पहिला प्रश्न रोज तोच, वारा सरला का? एवढं मोठं ऑपरेशन झालंय आणि हे काय विचारतात असं वाटायचं, पण त्या प्रश्नात खूप काही असतं.

पोट उघडून आतड्यांना हात लागला की ती काही काळ हालचालच थांबवतात, त्यात भूल, दुखण्यावरची मॉर्फिनसारखी औषधं आणि आतली सूज, मग ते अजून लांबतं. लहान आतडं साधारण एका दिवसात जागं होतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. तोवर पोट फुगतं, मळमळतं. वारा सरला म्हणजे हालचाल पार शेवटपर्यंत पोचली. काही ठिकाणी च्युइंग गम चघळायला देतात ते याचसाठी, तोंड चालू झालं की मेंदूला वाटतं जेवण आलं आणि तो आतड्यांना निरोप धाडतो.

आपल्याकडे मात्र नातेवाईक म्हणतात, पडू द्या तिला, आराम करू द्या. इथेच चुकतं. नुसतं पडून राहिलं की फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून श्वास जोरात आत ओढून तीन बॉल वर उचलायचं ते यंत्र वापरायला लावतात आणि पोटाला उशी दाबून खोकायला सांगतात. डॅनिश सर्जन हेन्रिक केहलेट यांनी 1990 च्या दशकात लवकर चालवणं, लवकर खायला देणं, मॉर्फिन कमी ठेवणं हे सगळं एकत्र बांधलं आणि पेशंट लवकर सावरायला लागले.

सगळ्यात जास्त भीती जोडाची. आतडं कापून जिथे शिवलं तो जोड लीक झाला तर मळ पोटात पसरतो, आणि हे बऱ्याचदा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास कळतं, म्हणजे पेशंट कधीकधी घरीसुद्धा आलेला असतो. ताप, नाडी जोरात चालणं, पोट कडक होणं, बरं वाटत असताना अचानक दुखणं वाढणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

निफाडहून मामांनी द्राक्षांची पेटी आणली होती, डॉक्टर म्हणाले साल-बियांचं काही आठवडे नको, शेजाऱ्यांना वाटली.

दुसरी भीती रक्ताच्या गुठळीची. कॅन्सरमुळे रक्त लवकर गोठतं, त्यात ऑपरेशन आणि झोपून राहणं, पायात गुठळी झाली आणि सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. एकाच पायाची पोटरी सुजली, किंवा एकदम धाप लागली, तर तेही इमर्जन्सीच. हा धोका घरी आल्यावरही राहतो, म्हणून हेपरिनची इंजेक्शनं बऱ्याच पेशंटना एकूण 4 आठवडे देतात. मावशीला रोज रात्री मीच द्यायचे, पोटाची कातडी चिमटीत धरून, आणि ती स्वतः उठून कॅलेंडरवर फुली मारायची, 28 फुल्या झाल्या.