उशिरा केलेली तक्रार खोटीच असते का?
'खरेच अत्याचार झाला असता तर तेव्हाच का बोलला नाहीत?' हा प्रश्न पीडितांना हमखास विचारला जातो, आणि उशीर म्हणजे बनाव हा जुना समज त्यामागे असतो. शाळा, चर्च, अनाथालये अशा संस्थांनी बाल लैंगिक अत्याचारांना कसा प्रतिसाद दिला, याची चौकशी ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने) २०१३ ते २०१७ या काळात केली. बंद दाराआड या आयोगाच्या आयुक्तांसमोर बोललेल्या पीडितांना ही गोष्ट कोणाला तरी सांगायला सरासरी २३.९ वर्षे लागली होती, असे त्यात आढळले. मूल अगदीच गप्प असते असेही नाही. ते 'मला तिथे जायचे नाही' एवढेच म्हणते आणि मोठी माणसे त्याला हट्ट समजतात. शिवाय कित्येकदा तक्रार वेळेवर होऊनही संस्था नाव जपण्यासाठी संशयिताची गुपचूप बदली करते, तेव्हा उशीर नेमका कोणाचा धरायचा? उशिरामुळे पुरावा मिळवणे अवघड होते, हे खरे. मात्र त्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१५ मध्ये बाल अत्याचाराच्या दिवाणी दाव्यांवरील मुदतीची अट काढून टाकली.